बाटली उभी, आडवी आणि साडेदहाची

आमच्या कॉलनीत काही वर्षं माझी ओळख 'दारूच्या बाजूची बाई' अशी होती. लोक हसून म्हणायचे, पण म्हणायचे. मी स्वतः पीत नाही. साताऱ्यात कर सल्लागार म्हणून काम करते आणि माझ्या अशिलांमध्ये दोन परमिट रूमचे मालक आहेत. घरात नवऱ्याचा आजीव मद्यसेवन परवाना आहे. हजार रुपये भरून काढलेला तो कागद रेशनकार्डाच्या पिशवीत असतो. महाराष्ट्रात पिणाऱ्या प्रत्येकाकडे परवाना हवा, मग तो पाच रुपयांत मिळणारा एका दिवसाचा का असेना. हे बहुतेक पिणाऱ्यांना ठाऊक नसतं आणि ठाऊक असलं तरी कोणी काढत नाही. आमच्याकडे तो निघाला, कारण मला कागद अपुरा असलेला चालत नाही.

माझं म्हणणं सरळ होतं. माणूस सज्ञान, पैसा त्याचा, लिव्हर त्याचं. घरी येऊन मारझोड केली तर त्याला पोलीस आहेत, कायदा आहे. पण बायको मार खाते म्हणून शेजारच्या न मारणाऱ्याचाही ग्लास काढून घ्यायचा, हा न्याय माझ्या गळी उतरत नव्हता.

त्यात 2022 ची जानेवारी आली. 27 तारखेला मंत्रिमंडळाने ठरवलं की हजार चौरस फुटांहून मोठ्या सुपर मार्केटात वेगळ्या कपाटात वाइन विकता येईल. मग जो गदारोळ उठला तो सगळ्यांना आठवत असेल. विरोधी पक्षात असलेल्या फडणवीसांनी 'मद्यराष्ट्र' म्हटलं, अण्णा हजाऱ्यांनी उपोषणाचा इशारा दिला. आणि आमच्या साताऱ्यात बंडातात्या कराडकरांनी रस्त्यावर आंदोलन केलं. व्यसनमुक्त युवक संघाचं त्यांचं काम मोठं आहे, वारकऱ्यांमध्ये मान आहे. पण त्या आंदोलनात ते महिला राजकारण्यांविषयी जे बोलले (पुढे त्यांनी माफीही मागितली) त्याने माझं मत आणखी घट्ट झालं. दारूबंदीवाल्यांना दारूपेक्षा बायकांनाच सरळ करायचंय, असं मी जाहीरपणे म्हणत फिरले.

शिवाय माहेर तासगाव तालुक्यातलं. वाइन म्हणजे द्राक्ष, द्राक्ष म्हणजे आमचा जिल्हा, असं सोपं गणित सरकारने मांडलं होतं आणि तेवढ्यापुरतं मीही मांडलं. खरं तर हे गणित कच्चं आहे हे मला माहीत असायला हवं होतं. पलूसला कृष्णा व्हॅली वाइन पार्क काढला त्या काळात आमच्या चुलत्यांनी वाइनची द्राक्षं लावली होती. बारीक मणी, जाड साल, आत बिया. पहिली काही वर्षं माल गेला, मग उचल थांबली. खाण्याच्या द्राक्षाचं बरं असतं, बाजार पडला तर शेडवर वाळत घालून बेदाणा करता येतो. या द्राक्षाचं काय करणार? काकांनी बाग तोडली आणि तिथे सोनाका लावली. सांगलीचा द्राक्षशेतकरी खाण्याच्या मालावर आणि बेदाण्यावर जगतो. साताऱ्याच्या सुपर मार्केटात कपाट लागलं म्हणून तासगावच्या बेदाणा सौद्यात किलोमागे रुपयासुद्धा वाढला नसता. पण वादात 'शेतकरी' हा शब्द वापरला की समोरचा गप्प होतो, म्हणून मीही तो वापरला. तो निर्णय पुढे अमलात आला नाहीच.

आमच्या या मुलखात दारूचा वाद आजचा नाही. सातारा आणि सांगली एकेकाळी एकच जिल्हा होता. 1949 मध्ये दक्षिण सातारा वेगळा काढला आणि 1960 मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. त्या अखंड साताऱ्यात नाना पाटलांच्या प्रतिसरकारने 1943 पासून जो कारभार चालवला, त्यात न्यायदान मंडळं होती, बिनखर्चाची गांधी लग्नं होती, तशी दारूबंदीही होती. त्याआधी 1880 मध्ये, पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना, जोतीराव फुल्यांनी शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध नगरपालिकेला पत्र लिहिलं होतं. फुल्यांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण, म्हणजे तेही आमचेच. हे सगळं मला कोणी ऐकवलं की मी चंद्रपूर पुढे करायची. तिथे 1 एप्रिल 2015 ला दारूबंदी झाली, सहा वर्षं चोरटी दारू वाहिली आणि 2021 मध्ये सरकारनेच ती उठवली. माझ्या दृष्टीने विषय संपला.

माझ्या मतात एक सोय होती, ती सांगायला हवी. 2017 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने महामार्गाच्या पाचशे मीटरच्या आतली दुकानं बंद झाली, तेव्हा आमच्या पुणे–बेंगळुरू रस्त्यावरचे कितीतरी परवाने आत गावात, वस्तीत जागा शोधू लागले. लोक ओरडले. मी म्हटलं, कुठेतरी असणारच ना दुकान? ते माझ्या गल्लीत नव्हतं.

मग आलं. नवीन परवाना नव्हता तो. वाइन शॉपचे नवे परवाने सरकारने 1970 च्या दशकापासूनच थांबवलेत. दुसरीकडचा परवाना उचलून इथे आणला. कोपऱ्यावरच्या बंगल्याखाली दोन गाळे, त्यातला एक. शाळा आणि देवळापासूनचं अंतर मोजून झालं, कागद चोख होते. मी स्वतः बघितले.

दिवसा त्या दुकानाचा काही त्रास नाही, हे आजही मी कोणापुढेही सांगेन. किराणा दुकानापेक्षा तिथे शांतता. माणूस येतो, खाली मान घालून पुडकं घेतो, डिकीत टाकतो, जातो. अंधार पडला की थोडी वर्दळ. नऊनंतर मात्र तेच दुकान वेगळं होतं. शटर पडायच्या आधी घ्यायचं म्हणून जी घाई होते, त्यातले निम्मे घरी नेणारे नसतात. त्यांना प्यायला जागाच नसते. घरी आई असते, किंवा खोलीत सहा जण राहतात, किंवा परमिट रूमचा दर परवडत नाही. मग गाडीच्या टाकीवर ग्लास ठेवून, बंद मेडिकलच्या पायरीवर, आमच्या कंपाउंडच्या भिंतीला टेकून ती बैठक बसते. उकडलेल्या अंड्यांची एक गाडी आपोआप उगवली. पाण्याचे पाऊच, चण्याच्या पुड्या, प्लास्टिकचे ग्लास. सकाळी झाडूवाली मावशी चपट्या गोळा करून वेगळ्या पोत्यात भरते, कारण काच भंगारात जाते. दुकान साडेदहाला बंद होतं, बैठक उठते बाराला. भांडण रोज होत नाही. पण आवाज वाढला की घराघरातले दिवे विझतात, कारण खिडकीत दिसलेलं कोणालाच नको असतं.

हे बघूनही माझं मत बदललं नव्हतं. मी म्हणायची, हा पोलिसांचा विषय आहे. आणि तो खरंच तसा वाटून दिलेलाही आहे. दुकानाच्या उंबऱ्याच्या आत राज्य उत्पादन शुल्क खातं, उंबऱ्याबाहेर पोलीस आणि सकाळच्या काचा नगरपालिकेच्या. तिघांच्याही कागदावर सगळं ठीक असतं.

कॉलनीची बैठक मारुतीच्या सभामंडपात झाली. काकूंनी, म्हणजे आमच्या कॉलनीतल्या सर्वांत जुन्या रहिवाशांनी, सुरुवातच शेवटापासून केली. "आडवी करायची म्हंजे करायची. सह्या घ्या." एसटीतून निवृत्त झालेले अण्णा म्हणाले, "काकू, दुकान उठलं की हातभट्टी येती. मी ड्रायव्हर होतो, समदी गावं बघितल्यात." गाळ्याचे मालक कोपऱ्यात बसून होते, त्यांचा मुलगा बोलला, भाडं कायदेशीर आहे, तुमच्यापैकी कोणी दिलं नसतं का? यावर बरेच जण चपला शोधू लागले. मी नेहमीचं बोलले, चंद्रपूरसकट.

तेव्हा सिस्टर बोलल्या. समोरच्या ओळीत राहतात, दवाखान्यात नर्स आहेत, सेकंड शिफ्ट सुटून घरी यायला त्यांना दहा वाजतात. रिक्षा त्या अलीकडच्या चौकातच सोडतात, कारण रिक्षावाला कोपऱ्यावर थांबला की बसलेल्यांपैकी कोणीतरी रिक्षाच धरायला येतो. तिथून फोन लावून, लेकाशी बोलत बोलत फाटकापर्यंत चालतात. त्या म्हणाल्या, "वहिनी, मला दुकान बंद नको ओ. ज्याला प्यायचीय त्यानं पिऊ दे की. साडेआठला बंद करा म्हनावं. मग मी घरी येईस्तोवर समदी पांगत्यात."

एवढंच. माझ्याकडे याला उत्तर नव्हतं. दारू हवी की नको या वादात मी चांगली तरबेज होते. त्यांनी वादाला हातच घातला नाही, फक्त वेळ मागितली. माझ्या सगळ्या स्वातंत्र्याच्या भाषणात पिणाऱ्याचं स्वातंत्र्य होतं, आणि दहा वाजता चौकातून फाटकापर्यंत चालणाऱ्या बाईचं कुठेच नव्हतं. तिला मी पोलिसांच्या खात्यावर टाकून हिशेब मिटवला होता.

सवयीप्रमाणे मी कागद शोधायला बसले. वेळ कमी करून घ्यायची वाट कायद्यात कुठे आहे?

आडवी बाटली करायची, म्हणजे मतदानाने दुकान बंद पाडायची, वाट आहे. 2008 च्या आदेशाने ती आखून दिलीय. गावातल्या किंवा वॉर्डातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी, किंवा एकूण मतदारांपैकी तेवढ्यांनी, सह्यांनिशी मागणी करायची. सह्यांची पडताळणी होते, गुप्त मतदान होतं, मतपत्रिकेवर एक उभी बाटली आणि एक आडवी. इथवर मी याला लोकशाही म्हणत आले होते. पुढची अट मी कधी नीट वाचलीच नव्हती. आडव्या बाटलीला निम्म्याहून जास्त मतं हवीत ती आलेल्या मतदारांपैकी नव्हेत, यादीतल्या एकूण मतदारांपैकी. समजा वॉर्डाच्या यादीत 2,000 बायका आहेत. मतदानाला 1,300 आल्या आणि त्यातल्या 950 जणींनी आडवीवर शिक्का मारला, तरी बाटली उभी. 1,001 लागतात. या हिशेबाने आपल्याकडचे किती नगरसेवक, आमदार, खासदार निवडून आले असते, हा प्रश्न मी माझ्या वकील मैत्रिणीला विचारला. ती नुसती हसली.

सांगलीला विश्रामबागेकडे माझी बहीण राहते. तिच्या भागात सह्यांची मोहीम निघाली होती, तेव्हा ती यादी घेऊन दारोदार फिरली होती. तिने मला यादी म्हणजे काय ते सांगितलं. लेकाकडे पुण्याला गेलेल्या सासवा यादीत. लग्न होऊन गेलेल्या मुली यादीत. आलेल्या सुना मात्र अजून माहेरच्या यादीत. वारलेल्या बायका यादीत. "ताई," ती म्हणाली, "आमच्या गल्लीत मेलेल्या बायकांची सगळी मतं उभ्या बाटलीला आहेत." त्यांची मोहीम सह्यांपर्यंतच राहिली.

बरं, एवढं करून मिळतं काय? दुकान कायमचं बंद. आमच्या सिस्टरना ते नकोच आहे. अण्णांना नको, मला नको. आमच्या बैठकीत मोजले असते तर बहुतेकांना नको होतं. सगळ्यांना हवी होती रात्र. पण कायदा विचारतो ते एकच, उभी का आडवी. किती वाजता, हे विचारायची मतपत्रिकाच नाही.

वाढवायची असते तेव्हा मात्र वेळेला कसलीच अडचण येत नाही. नाताळ आणि 31 डिसेंबर आला की गृह खात्याचा एक आदेश निघतो. एरवी साडेदहाला बंद होणारी दुकानं रात्री एकपर्यंत, परमिट रूम पहाटे पाचपर्यंत. त्याला पंचवीस टक्के सह्या लागत नाहीत, सभा लागत नाही, यादी लागत नाही. जिल्हाधिकाऱ्यांना सार्वजनिक शांततेसाठी दुकानं बंद ठेवायचा अधिकार आहे, तो निवडणुकीला, विसर्जनाला वापरला जातो. पण रोजच्या दहा वाजताची शांतता ही त्यात बसणारी गोष्ट आहे, असं कोणाला वाटत नाही. 1 ऑक्टोबर 2025 ला सरकारने स्पष्ट केलं की राज्यातली दुकानं चोवीस तास उघडी ठेवता येतील, फक्त दारू विकणारी आणि पाजणारी सोडून. म्हणजे दारूच्या दुकानाची वेळ ही बाकीच्यांसारखी नाही, हे सरकारला मान्य आहे. ती कोणाला विचारून ठरवायची, एवढंच बाकी आहे. आणि ते का बाकी आहे याचा अंदाज बांधायला कर सल्लागार असावं लागत नाही. जून 2025 मध्ये दारूवरचं उत्पादन शुल्क वाढवलं तेव्हा त्यातून वर्षाला 14,000 कोटींचा जादा महसूल अपेक्षित होता.

मार्च 2025 मध्ये विधानसभेत अजित पवारांनी सांगितलं की सोसायटीच्या आवारात बिअर किंवा वाइन शॉप काढायचं तर सोसायटीचं ना हरकत प्रमाणपत्र लागेल. चांगलंच झालं. पण ते पुण्या-मुंबईच्या मापाचं आहे. साताऱ्यात, सांगलीत नोंदणीकृत सोसायटीचे गाळे किती आणि प्लॉट पाडून बांधलेल्या बंगल्यांखालचे किती? आमच्या कॉलनीत हरकत घ्यायला सोसायटीच नाही. हद्दवाढ होण्याआधी आमची ग्रामपंचायत होती. तेव्हा निदान ग्रामसभेत उठून कोणी काही विचारू शकायचं. नगरपालिकेत गेल्यावर नळाला पाणी बरं येतं, पण उठून विचारायची जागा गेली.

बदललं ते एवढंच. दारूबंदीच्या बाजूला मी गेलेले नाही. मुंबईच्या मालवणीत 2015 च्या जूनमध्ये विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, ती परवान्याच्या दुकानातली दारू नव्हती. अण्णांचं हातभट्टीचं म्हणणं मी सोडलेलं नाही. बायकांच्या चारित्र्यावर घसरणाऱ्या आंदोलनात मी आजही जाणार नाही. काकूंना हे पटत नाही. त्यांच्या धाकट्या दिरांचं काय झालं ते त्यांनी पाहिलंय. त्यांच्यापुढे मी चंद्रपूर काढायचं आता बंद केलंय.

वेळ कमी केली म्हणून सगळं सुरळीत होईल असंही नाही. ड्राय डेला कुठल्या टपरीवर, किती जादा पैशात मिळते हे आमच्या कॉलनीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. साडेआठनंतर रोजच ड्राय डे झाला तर ती टपरी रोज चालेल. आणि एमआयडीसीतला सेकंड शिफ्टवाला? तोही रात्रीच सुटतो, सिस्टरसारखाच. त्याने दारू कधी घ्यायची? याचं माझ्याकडे धड उत्तर नाही. माझं एवढंच म्हणणं आहे की या दोघांमध्ये निवड करायची वेळ आली तर ती मुंबईतल्या कोणी करू नये. त्या दोघांनाही जिथे बोलावता येईल अशा ठिकाणी व्हावी, आणि आलेल्यांची मतं मोजून व्हावी, वारलेल्यांची नव्हे.

जिल्हाधिकाऱ्यांच्या नावाने अर्ज मी लिहून दिला. त्यात दुकान बंद करा असं कुठेही नाही. खाली काकूंनी सही केली नाही. "अर्धवट कामाला माझी सही नको," म्हणाल्या. गाळ्याच्या मालकांनी मात्र केली, आणि मुलाला सांगू नका म्हणाले.

मार्चअखेरच्या गडबडीत माझे परमिट रूमवाले अशील हिशेबाच्या वह्या घेऊन आले. अर्जाची बातमी त्यांच्या कानावर गेली होतीच. मला वाटलं, फाइल परत मागतील. ते चहा पिता पिता म्हणाले, "मॅडम, दहाच्या पुढं जे गिऱ्हाईक बसतं ना, त्यात कमाई कमी आन् डोकंदुखी जास्त. काचा, उधारी, पोरांना मारहाण. वेटर टिकत न्हाईत रात्रीचे. मी दहालाच शटर वढतो उद्यापासनं. पन शेजारचा वढंल का? त्यो वढला न्हाई तर माझं नवाचं गिऱ्हाईकबी तिकडंच जाऊन बसनार. समद्यांना एकदम लावा की नियम, मी पयली सही करतो."

मी अर्जाची दुसरी प्रत पुढे केली. त्यांनी ती पूर्ण वाचली, पेन काढलं, मग विचारलं, "ह्यात साडेआठ लिवलंय. दहा करता येईल का?"